ऐकू न आल्यामुळे झालेले घोटाळे आणि मोडलेली हाडं

कानोसा

नमस्कार मंडळी. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, एका हाताने टंकतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेली चौदा वर्षं दोन्ही कानांत मशीन लावतो. झोपताना काढून डबीत ठेवतो. एकदा ते काढलं की माझ्यापुरतं ढोल वाजला काय आणि टाचणी पडली काय, सारखंच.

परवा रात्री दीडच्या सुमाराला (वेळ नंतर कळली) बेसिनखालची कनेक्शन नळी सुटली. दुपारीच प्लंबर येऊन बघून गेला होता, तरी सुटली. पाणी पहाटेपर्यंत वाहत होतं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी आधी बेल वाजवली, मग दार बडवलं, मग फोन लावला. फोन थरथरत होता म्हणे, पण तो स्टुलावर आणि मी गादीवर. घरात एकटाच होतो. साडेपाचला पाय खाली टाकला तो पाण्यात. एक चप्पल तरंगत दारापर्यंत गेलेली. मनात पहिला विचार आला तो "चप्पल तिकडे कशी गेली?" हा. दुसऱ्या पावलाला मी आडवा. मनगटाचं हाड मोडलं.

तर प्रश्न असा: ऐकू कमी येतं किंवा येतच नाही म्हणून तुमच्यावर असे प्रसंग आलेत का? रात्रीची काय सोय करता? आणि तुम्ही लोकांना सांगता का, की ऐकू येत नाही म्हणून? मी सहसा सांगत नाही.

गोधडी

अरे बापरे. आधी मनगट कसं आहे ते सांगा. आमच्याकडचा किस्सा मोठा आहे, सावकाश लिहिते.

डावीकडून_या

लहानपणी गालगुंड झाले आणि उजवा कान कायमचा गेला. डावा ठणठणीत. त्यामुळे लोकांना वाटतं, एक कान आहे ना, मग काय अडतंय?

अडतं ते असं. आवाज *आला* हे कळतं, *कुठून* आला ते कळत नाही. दोन कान असलेल्यांच्या मेंदूला एका कानाशी आवाज किंचित आधी पोचला हे कळतं. तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण त्याच्यावरच मेंदू दिशा ठरवतो. माझ्याकडे हिशेबाला दुसरा आकडाच नाही. सगळे आवाज डावीकडूनच येतात.

कॉलेजात असताना रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला. अर्थातच डावीकडून. मी चपळाईने उजवीकडे उडी मारली, थेट मोटारसायकलच्या पुढ्यात. तो बिचारा माझ्या मागून व्यवस्थित निघून गेला असता. गळपट्टीचं हाड मोडलं. पडल्या पडल्या त्याचे शब्द ऐकले ते मात्र स्पष्ट, कारण मी उजव्या कुशीवर पडलो होतो.

तेव्हापासून हॉर्न वाजला की हलायचं नाही. खांबासारखं उभं राहायचं, मान फिरवायची, मग ठरवायचं. लोक शिव्या देतात, देऊ देत.

खट्याळ_बोका

माझे दोन्ही कान उत्तम आहेत, पण बायको म्हणते मला ऐकू येत नाही. (हलके घ्या.)

टाचणी

@खट्याळ_बोका, हा विनोद दहाव्या प्रतिसादापर्यंत येईल असं मी धरलं होतं. तुम्ही लवकर आलात.

बोटबोली

धाग्याच्या नावावरच माझा आक्षेप आहे. मला जन्मापासून ऐकू येत नाही. माझी पहिली भाषा हातांची, मराठी नंतर वाचून शिकले. माझे जे अपघात झाले ते ऐकू न आल्यामुळे नाही, तर *बोलण्यामुळे* झाले!

आम्ही दोघी मैत्रिणी चालता चालता बोलतो तेव्हा एकमेकींकडे बघावं लागतं. समोर कोण बघणार? म्हणून अलिखित नियम आहे: तिच्या पुढ्यात काही आलं की मी सांगायचं, माझ्या पुढ्यात आलं की तिने. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालतं. त्या दिवशी आमचं भांडण झालं. भांडणात तुम्ही लोक काय करता, कानावर हात ठेवता. आम्ही मान फिरवतो. मी तोंड दुसरीकडे करून हाताने तिला ऐकवत होते, आणि ती जिवाच्या आकांताने "खांब, खांब" करत होती. मी बघतच नव्हते. कपाळावर चार टाके पडले. भांडणाचं कारण आता दोघींनाही आठवत नाही.

दुसरा प्रसंग. गरम तव्याला उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा चिकटला. बँडेज बांधलं. तुमचा हात भाजला तर तुमचं काम अडतं, माझी जीभ भाजली होती. तीन आठवडे मी अक्षरशः बोबडं बोलत होते. मित्रमंडळी मुद्दाम "काय? परत सांग" करायची. एकाने तर माझ्या बँडेजवाल्या बोटांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. मीही हसले, पण डाव्या हाताने त्याला काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

कानोसा

@बोटबोली, आक्षेप मान्य. नाव बदलता येत नाहीये, नाहीतर बदललं असतं. आणि दिवे गेले की?

बोटबोली

गप्पा बंद. वाक्याच्या मधोमध. एकदा मैत्रीण तिच्या नोकरीचं सांगत होती, "आणि मग साहेब मला म्हणाला" इथे अंधार. वीस मिनिटं मी जीव मुठीत धरून बसले होते. शेवटी तिने माझा तळहात ओढला आणि त्यावर बोटाने अक्षरं काढली.

चुंबक

माझं कॉक्लिअर इम्प्लांट आहे. माहीत नसलेल्यांसाठी: कानामागे कातडीखाली एक भाग बसवलेला असतो, त्यात चुंबक असतं. बाहेरून चकतीसारखी कॉईल त्याला चिकटते. म्हणजे माझं ऐकणं हे डोक्याला चिकटवलेलं आहे, आणि लोखंड दिसलं की त्याला पाझर फुटतो.

मित्राची गाडी मध्येच गचके देत होती. बॉनेट उघडून मी आत वाकलो. इंजिन चालू, मी कान देऊन ऐकतोय. आणि एकदम शांतता. मला वाटलं इंजिन बंद पडलं. मी ओरडलो, "मार स्टार्टर!" आणि पंख्याच्या पट्ट्याजवळ काहीतरी लोंबकळताना दिसलं म्हणून हात घातला. इंजिन चालूच होतं हो. कॉईल निसटून बॉनेटच्या पत्र्याला आतून चिकटली होती आणि लोंबत होती ती तिचीच वायर. मित्राला बॉनेटमुळे मी दिसत नव्हतो. तो चालू इंजिनाला स्टार्टर मारतोय, आणि माझी बोटं पट्ट्यापासून दोन इंचांवर. इंजिनाची गरम हवा बोटांना लागली म्हणून हात मागे घेतला. दहाही बोटं शाबूत आहेत, मोजून सांगतो.

नवीन लोकांना एकच सांगणं. डोक्यात चुंबक आहे हे एमआरआयच्या खोलीत पाऊल ठेवण्याच्या आधी सांगायचं. इम्प्लांटचं कार्ड पाकिटात ठेवा. यात लाज नको.

खट्याळ_बोका

बोका आता गंभीरपणे वाचतोय.

गोधडी

हं, आता आमचा किस्सा. माझे आजेसासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय शहाऐंशी. मशीनचा सेल आणि रक्तदाबाची गोळी, दोन्ही जवळपास सारख्याच आकाराचं. त्यांचा सेल तीनशे बारा नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला. गंमत म्हणजे हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो, परत चिकटवून काही उपयोग नाही. आप्पांनी एकदा "रोज कोण सोलत बसणार" म्हणून सहाच्या सहा सेलांचे स्टिकर काढून ठेवले होते. सगळे वापरण्याआधीच उतरले.

तर एका सकाळी आप्पा हाका मारायला लागले, "अगं, मशीन वाजत नाही." जाऊन बघते तो टेबलावर मशीन, त्याची छोटी खिडकी उघडी, शेजारी गोळी जशीच्या तशी, पाण्याचा पेला रिकामा, आणि सेल कुठेच नाही.

मी: आप्पा, गोळी घेतलीत?
आप्पा: घेतली की.
मी: मग ही काय आहे?
आप्पा (गोळी हातात घेऊन, उजेडाकडे धरून): हा सेलच खराब आहे.

तडक दवाखान्यात गेलो. क्ष-किरणांच्या फिल्मवर पोटात पांढराशुभ्र गोल ठिपका. घशात अडकला नव्हता म्हणून डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं. दोन दिवसांनी आपसूक बाहेर पडला.

हे हसून सांगतेय, पण लहान मुलं असलेल्या घरांनी ऐका. रिमोटमध्ये वगैरे असतो तो नाण्याएवढा लिथियमचा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. "पडेल आपोआप" म्हणत बसायचं नाही.

खट्याळ_बोका

दोन दिवस आप्पांना पोटातलं ऐकू येत असणार.

गोधडी

हसून हसून पुरेवाट. आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, "काय?"

सरळमार्गी

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. चुंबक यांचा किस्सा वाचून प्रश्न पडला की ज्यांना हॉर्न ऐकू येत नाही त्यांनी गाडी चालवावी का? सुरक्षितता सगळ्यांचीच असते.

बोटबोली

मी सतरा वर्षं गाडी चालवते. एकदाही ठोकलेली नाही. तुम्ही काचा वर करून, गाणी लावून, फोनवर बोलत चालवता, त्यात हॉर्न किती ऐकू येतो? मी दर चार-पाच सेकंदांनी आरसा बघते. बघावाच लागतो.

चुंबक

@सरळमार्गी, राग नाही. पण माझ्या किश्शात मी गाडी चालवत नव्हतो, चालकाच्या जागी बसलेल्याला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं.

डावीकडून_या

एक खरी अडचण कबूल करतो. वळल्यावर गाडीचा सिग्नल दिवा चालूच राहतो. त्याची टिकटिक उजवीकडून आली तर मला ऐकू येतच नाही. मी मैलोन्मैल "डावीकडे वळतोय, डावीकडे वळतोय" असं जगाला सांगत सरळ गेलो आहे.

सरळमार्गी

ते तर माझ्या मेहुण्याचं नेहमीचं आहे, आणि त्याला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. तरी माझा मुद्दा पूर्णपणे गेलेला नाही. असो.

श्रवणा

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासण्याचंच काम. धाग्यावर उशिरा आले, काही गोष्टी सांगते.

वयाप्रमाणे किंवा गोंगाटाने ऐकणं जातं ते बहुतेकदा वरच्या पट्टीपासून. स, श, फ, थ ही व्यंजनं आधी जातात, स्वर राहतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतं, समजत नाही." घरचे म्हणतात, "याला सोयीचं तेवढं ऐकू येतं." दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. आणि ओरडून उपयोग नसतो. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात, वर ओठांचे आकार बिघडतात.

रात्रीसाठी, @कानोसा: नेहमीचा धुराचा अलार्म साधारण तीन हजार हर्ट्झला किंचाळतो. म्हणजे ज्यांचं वरच्या पट्टीचं गेलंय त्यांच्या नेमकं नावडत्या जागी. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म अशा माणसांना जास्त चांगला उठवतो. त्याहून खात्रीचा म्हणजे गादीखाली ठेवायचा थरथरणारा गोळा. तो बेलला, फोनला, धुराच्या अलार्मला जोडता येतो. फोन स्टुलावर ठेवून चालणार नाही, हे तुम्ही मनगट मोडून सिद्ध केलंच आहे. पाण्यासाठीही सेन्सर मिळतात, जमिनीवर ठेवायचे.

आणि तुम्ही एकटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात ज्यांना ऐकण्यासाठी उपचाराची किंवा मदतीची गरज आहे अशांची संख्या ४३ कोटी दिली आहे.

मिशीवाला

ओठ वाचण्यावरून आठवलं. मी बऱ्यापैकी ओठ वाचतो. मित्र शिडीवर चढून भिंत रंगवत होता, मी खाली. तो माझ्याकडे बघून जीव तोडून काहीतरी ओरडायला लागला. मी नीट वाचलं: "मगर! मगर!"

मी मागे वळून बघितलं. मगर नव्हती.

तो "पकड, पकड" म्हणत होता. रंगाचा डबा सटकत होता. तो माझ्या खांद्यावर पडला, आणि उरलेला रंग सगळ्या अंगावर. खांदा महिनाभर दुखला.

श्रवणा

हे अगदी वर्गात शिकवण्यासारखं उदाहरण आहे. प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात. क आणि ग घशात होतात, ते दिसतच नाहीत. ड आणि र मध्येही ओठ काही सांगत नाहीत. म्हणजे "पकड" आणि "मगर" यांत निवड करायची ती संदर्भावरून.

टाचणी

आणि शिडीखाली उभं असताना संदर्भाने "मगर" निवडली.

मिशीवाला

माणूस इतका घाबरलेला दिसत होता हो!

भिंगरी

इतकं हसल्यावर मूड घालवते, क्षमस्व. दोन वर्षांपूर्वी सकाळी उठले तो डावा कान बंद. नुसता "सूंऽऽ" आवाज. वाटलं मळ असेल. घरगुती उपाय, तेलाचे थेंब, "सर्दी झाली असेल" यात तीन आठवडे घालवले. मध्ये एकदा इतकी चक्कर आली की जिन्यावरून पाच पायऱ्या घसरत आले. शेवटी घसरल्याचं दाखवायला गेले, कानाचं नव्हे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कान कधीपासून बंद आहे? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे.

अचानक कान जाणं ही तातडीची गोष्ट आहे, हाड मोडल्यासारखी. स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत दिलं तर ऐकणं परत येण्याची संधी जास्त असते. माझी हुकली. एका रात्रीत ऐकू यायचं थांबलं तर मळ समजून बसू नका.

श्रवणा

भिंगरी, लिहिलंत ते फार बरं केलंत. शब्दाशब्दाशी सहमत.

डावीकडून_या

एका कानाच्या मंडळात स्वागत. गर्दीत बसताना भिंत बंद कानाच्या बाजूला ठेवायची. सवय होते.

खट्याळ_बोका

थोडं अवांतर. बीथोवेनच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला ना, तेव्हा तो इतका बहिरा होता की टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. गायिकेने त्याला धरून प्रेक्षकांकडे वळवलं.

टाचणी

७ मे १८२४, व्हिएन्ना. बोकोबा, वाचन आहे तर तुमचं. आता एक प्रश्न धागाकर्त्यांना. दुपारी प्लंबर येऊन गेला होता ना? मग रात्री नळी सुटली कशी?

कानोसा

प्लंबरचं काय, येतात आणि जातात. श्रवणाताई, गादीखालच्या गोळ्याची माहिती काढतोय. धन्यवाद.

मिशीवाला

रात्रीची माहिती झाली, आता तिसऱ्या प्रश्नाबद्दल, लोकांना सांगता का? मीही सांगायचो नाही. केस कापायला बसलं की चष्मा आणि मशीन दोन्ही काढून ठेवावं लागतं. म्हणजे मी आंधळा आणि बहिरा एकदम. तो मागून काहीतरी विचारतो, मी "हो, हो" म्हणतो. तीस वर्षं निभावलं. एका दिवशी विचारलेलं वेगळं होतं. चष्मा लावून आरशात बघितलं तो मिशी नाही. सदस्यनाव तेव्हाच घेतलं, आठवण म्हणून.

बोटबोली

हे "हो हो" प्रकरण मला कधीच कळलं नाही. नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. माझ्या मते तुम्हा कमी ऐकू येणाऱ्यांचे निम्मे अपघात त्या मानेच्या हलण्यात आहेत. आमच्याकडे सोंगाची सोयच नाही, म्हणून बरं आहे.

भिंगरी

इतकं सोपं नसतं हो. तीनदा "काय?" म्हटलं की समोरचा "जाऊ दे" म्हणतो. ते "जाऊ दे" ऐकण्यापेक्षा मान हलवलेली बरी वाटते.

बोटबोली

ते "जाऊ दे" आम्हालाही दिसतं. पण ठीक, तुमचं म्हणणं पटलं.

कानोसा

टाचणी, काल तुम्हाला उडवून लावलं. खरं सांगतो.

त्या दुपारी प्लंबर बेसिनखाली आडवा झाला होता, डोकं आत, पाय बाहेर. तिथून तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं ते "...ब्ब ...ऊक ...आत्री ..." एवढंच. मी म्हणालो, "हो हो." तो अजून काहीतरी बोलला. मी म्हणालो, "बरं, बरं." तो गेला.

अपघातानंतर परत आला तेव्हा माझ्या प्लास्टरकडे आणि फुगलेल्या दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मी सांगितलं होतं, नळीचा आटा गेलाय, उद्या नवीन आणतो, तोवर रात्री अँगल कॉक, म्हणजे नळीला पाणी सोडणारी तोटी, बंद ठेवा." आणि पुढे, "तुम्ही हो म्हणालात."

हो, म्हणालो. काकांच्या छताला पोपडे आलेत, त्यांना मी अजून "नळीच खराब होती" एवढंच सांगितलंय. म्हणजे दार बडवलेलं ऐकू आलं नाही ही अर्धीच गोष्ट होती.

टाचणी

काकांना सांगाल का?

कानोसा

उद्या जातो. प्लंबरला मात्र सांगितलं, मला कमी ऐकू येतं. तो लगेच कानाशी येऊन ओरडायला लागला. म्हटलं, ओरडू नका, समोर या, सावकाश बोला. मग त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि बेसिनवरच्या फरशीवर लिहिलं: "रात्री हा बंद". खाली कॉककडे बाण. नवीन नळी बसली, आता बंद करायची गरज नाही, पण ते पुसलेलं नाही.

मिशीवाला

नीट वाचा. "मगर" नाही ना लिहिलंय?